पयली शंभर पानं

माझ्या सासूला मरायच्या आधी एकच गोष्ट ऐकायची होती: पुस्तकातल्या त्या दोघांचं लग्न होतं का न्हाई. आणि तेच मला तिला सांगायचं न्हवतं. मला वाईट म्हणायचं असंल तर खुशाल म्हणा, पण आधी पुरतं ऐका.

बावीस वर्षांमागं मी वसमतहून हट्ट्याला सून म्हणून आले, तवा माझ्या पेटीत एक जाडजूड कादंबरी होती. बारावीला पयली आले म्हणून शाळेतल्या बाईंनी दिलेली. तीनशे चाळीस पानं, जुनी, नावाजलेली, प्रेमाची. पण सुरुवात इतकी रटाळ की इचारू नका. पयली शंभर पानं नुसती नदी, घाट, पोरीच्या आजोबाचं दुखणं आणि पाहुण्यांच्या पंगती. पोरगा पोरीला दिसतच न्हाई. मी दोन पानं वाचून पेंगायची, आठ-आठ दिवस हात लावायची न्हाई. पुढं गोडी लागली तवा पाहिलं, तर मागची पानं कमी होऊन राहिली होती. माझी सासू, जनकाबाई, रोज सकाळी चूल पेटवायला मागून दोन-दोन पानं फाडायची. मी पुढून वाचत होते, ती मागून जाळत होती. मी रडले, पाया पडले. "घरात सून आणली का मास्तरीण?" म्हणाली, आणि माझ्यादेखत आणखी दोन फाडली. दोनशे साठ पानं उरली तवा मी पुस्तक हळदीच्या पोत्यात लपवलं. उरलेल्या शेवटच्या पानावर पोरगी नावेत बसली होती, नाव सुटून राहिली होती, आणि पोरगा घाटावरून पळत येत होता. बावीस वर्षं तो माझ्या डोक्यात पळतच राहिला.

यंदा फाल्गुनात सासू न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. नजर आधीच गेलेली. नांदेडच्या डॉक्टरनं माझ्या नवऱ्याला, संतरामला, बाजूला घेऊन सांगितलं की म्हातारीचं काळीज कमजोर आहे, ऑपरेशन झेपणार न्हाई, महिना-दोन महिने धरा. मग अंगणात बाज टाकली. ती दिवसभर कण्हायची आणि आमी बाया शेजारीच बसून हळद निवडायचो. एक दिवस शेजारची पारुबाई म्हणाली, "नीला, तू शिकेल हायस, वाच काहीतरी. म्हातारीचं मन लागंल." घरात पुस्तक एकच होतं.

पयले आठ दिवस सगळ्यांनी मला बोल लावले. "अगं, शंभर पानं झाली आणि अजून एकमेकांचं तोंड पाहिलं न्हाई," पारुबाई म्हणाली. "एवढ्यात मला दोन लेकरं झाली होती!" अंगणवाडीची प्रियदर्शनी म्हणाली, "बराबर हाय की. घरदार कळल्याबिगर माया कशी लागंल?" सासूचं मत सगळ्यात कडक. "नदी, नदी, नदी. आमी काय नदी पाहिली न्हाई व्हय? गाळ ते." मी एक अक्षर गाळलं न्हाई. एकशे दहाव्या पानावर पोरानं पोरीला घाटावर पाहिलं, आणि म्हातारीचं कण्हणं थांबलं. त्या दिवसापासून चहाच्या आधी पुस्तक मागायची.

दोनशे साठावं पान संपलं. मी थांबले.

"पुढं?" ती म्हणाली.

"पुढं न्हाई. तुमी चुलीत घातलं."

"मी? मी काहून घालीन?" तिनं बराच वेळ कपाळ चोळलं. "मला न्हाई बाई आठवत."

तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं शिवी दिली असती तरी चाललं असतं, माफी मागितली असती तर मी रडले असते. ज्या पानांपायी मी बावीस वर्षं जळले, ती तिच्या ध्यानातबी न्हवती.

माझी पोरगी ऐश्वर्या वसमतला कॉलेजात शिकते. तिला आजीची कीव आली, तिनं तिथल्या वाचनालयातून तीच कादंबरी आणली, अख्खी. राहिलेली ऐंशी पानं मी एका दुपारी गच्चीवर बसून वाचून काढली. खाली येऊन पारुबाईला आणि प्रियदर्शनीला शेवट सांगितला. मग बाजेशी बसले आणि पान एक काढलं.

"हे तर झालं की गं," म्हातारी म्हणाली.

"ही दुसरी प्रत हाय, आत्याबाई. नवी प्रत पयल्यापासूनच वाचावी लागते. मधूनच धरली तर काही लागत न्हाई."

म्हातारी शाळेची पायरी न चढलेली. तिनं मान हलवली.

आता मी दिवसाला चारच पानं वाचायची. आणि हळद निवडता-निवडता बाया बोलायच्या. "शेवट काय केला गं बाई त्यानं!" पारुबाई म्हणायची. "मला न्हाई पटला," प्रियदर्शनी म्हणायची, "तिनं तसं करायला नको होतं." "मला तर बराबर वाटलं," मी म्हणायची. म्हातारी उशीवरून मान उचलायची. "कोणी काय केलं? मला सांगा की गं." पारुबाई माझ्याकडं पाहायची, मी डोळे वटारायची. "आधीच सांगितलं तर गोडी जाते, आत्याबाई." आणि आमी हसायचो. खरं सांगते, मला बरं वाटायचं. लई बरं वाटायचं.

चैत्र सरत आला तशी तिला धाप लागायला लागली. ऐश्वर्या सुट्टीला घरी होती. मी आत पीठ मळत होते आणि दारातून ऐकू आलं, पोरगी आजीच्या कानाशी लागून शेवट सांगून राहिली होती. सगळा. मी तशीच उठले.

"खोटं," म्हातारी म्हणाली.

"खरंच, आजी. मी वाचलंय."

"तू घाईची हायस. माझी नीला वाचंल तेच खरं. ती एक अक्षर गाळत न्हाई. मला नीट उमगावं म्हणून बिचारी पुन्हा पयल्यापासून वाचून राहिली. एवढी तकलीफ कोण घेतं गं? पोटच्या पोरानं घेतली न्हाई."

पिठाच्या हातानंच मी पुस्तक उचललं आणि शेवटचं पान काढलं. मला माझी लाज वाटत होती. दोन ओळी वाचल्या तशी तिनं हात वर केला.

"हे कुठलं? काल तर आजोबा आजारी होता."

"आत्याबाई, ऐका, हाच शेवट हाय."

"मधलं गाळू नको, नीले. नदीबी वाच. आता ती आवडते मला."

मी हात जोडले, शपथ घातली. तिनं लेकरासारखं तोंड भिंतीकडं फिरवलं. मग मी काल जिथं थांबले ते त्र्याऐंशीवं पान काढलं आणि भरभर वाचत सुटले.

"हळू," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी एक्क्याण्णवाव्या पानावर ती गेली. घाटावर अजून कोणी आलं न्हवतं.

दहाव्याला भांडी घासता-घासता पारुबाईनं इचारलं, "ऐकला का गं म्हातारीनं शेवट?"

"व्हय," मी म्हणाले.