खांबाचा गोल

"अहो, निदान भुवया तरी झटका. लोक म्हणतील, बाईनं नवरा पिठाच्या पोत्यातनं काढून आणलाय."

मास्तरांनी बसच्या पायरीवरच दोन्ही हातांनी भुवया झटकल्या. पीठ त्यांच्याच हिरव्या मफलरीवर सांडलं.

"आता दिसतो का बरा?"

"मघाशी निदान गोरे तरी दिसत होतात," मावशी म्हणाल्या आणि पिशवी सावरत आत चढल्या.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. बेकरीत भट्टी सांभाळणाऱ्या माणसाला तिथे मास्तर म्हणत, आणि उभ्या गावाचा सकाळचा पाव ज्याच्या हातून जातो त्याचं पाळण्यातलं नाव कोण लक्षात ठेवतो? रात्रभर भट्टी आणि दिवसभर झोप, अशी त्यांची उलटी तऱ्हा. मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात होत्या. ढिगांनी येणाऱ्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून घड्या घालायच्या. त्यांचं काम सकाळी सुरू होई. म्हणजे नवरा उंबऱ्याच्या आत येतोय तोवर बायको बाहेर पडतेय. सगळा संसार दारात. "जेवण झाकून ठेवलंय." "नळ गळतोय, बघा जरा." "पोरगी-जावई रविवारी येतायत." एवढं बोलून होतंय तोवर एकाच्या चपला सुटलेल्या आणि दुसरीच्या चढलेल्या. शेजारीण म्हणायची, "तुमच्या घरात नवरा-बायको कुठं आहेत? दोन भाडेकरू आहेत!"

मास्तरांना व्यसन एकच, गावाचा फुटबॉल संघ. गावच्या मैदानावर सामना असला की ते झोपेवर पाणी सोडायचे आणि लाल डोळ्यांनी जाऊन बसायचे. बाहेरगावचा सामना असला तर पाठीराख्यांच्या मंडळाची बस निघायची. तिच्यात मास्तर आणि सायकलदुरुस्तीवाला ही जोडी ठरलेली. या वेळी मोठ्या शहरात सामना होता, हंगामातला शेवटचा. पण दोन दिवस आधी सायकलवाल्याची कंबर धरली. बसायला येईना की उठायला. सामन्याच्या आदल्या सकाळी दारात चपला काढता काढता मास्तर म्हणाले, "जागा रिकामी जाईल. तू येतेस का?"

इतक्या वर्षांत असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मावशींना वाटलं, थट्टा आहे. मग त्यांनी मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं आणि रजा टाकली. मास्तरांनाही रात्रपाळीची सुट्टी घ्यायला सांगून बघितलं, पण दुसऱ्या भट्टीवाल्याच्या घरी लग्न होतं. "एक दिवस झोप नाही झाली तर मरतो का माणूस?" असं म्हणून मास्तर सकाळी भट्टीवरून थेट बसपाशी आले होते.

बस सुटली. खिडकीतून येणारं ऊन मास्तरांच्या गुडघ्यांवर पडलं. मावशी म्हणाल्या, "झोपा आता. शहर आलं की उठवते."

"झोपेन गं. आधी ऐक. तुला काहीतरी समजायला नको? बॉल हातात धरता येतो तो एकटा गोलकीपर. बाकी कुणी धरला की शिट्टी."

"एवढं कळतं मला."

"बरं. मग ऑफसाइड सांगतो."

ऑफसाइड सांगण्यात दोन गावं मागे पडली. मावशींना ओ की ठो कळलं नाही, पण त्या बोलल्या नाहीत. मास्तर मफलरीच्या टोकाला गाठी मारून खेळाडू दाखवत होते. लग्नाआधी भेटायला आले होते तेव्हाही हा माणूस इतकं बोलला नव्हता. मागच्या बाकावरून मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "वहिनी, दरवेळी हे आणि सायकलवाले बस सुटताच घोरायला लागतात. आज काय चमत्कार?"

"तुझं काम कर तू," मास्तर म्हणाले आणि परत मावशींकडे वळले. "आता खांबाचं सांगतो. त्याच्यासाठीच तर चाललोय."

खांब म्हणजे पाच नंबरचा खेळाडू. उंच, टक्कल पडलेला, वयस्क. गोलच्या पुढं उभा राहून येईल तो हल्ला अडवायचा, एवढंच त्याचं काम. गावात म्हणत, इतरांच्या गोलला दोन खांब, आमच्या गोलला तीन. तरणी पोरं आली, गाजली, मोठ्या संघांत गेली. हा होता तिथेच राहिला. आज त्याचा शेवटचा सामना.

"मग गोल बरेच केले असतील त्यानं," मावशी म्हणाल्या.

"एक नाही."

"एक पण नाही? मग तुम्हाला तो का आवडतो?"

मास्तरांनी मफलरीची गाठ सोडली, परत मारली. "आता कसं सांगू? सकाळी पाव नसला की लोक बोंब मारतात. असला की कुणी म्हणतं का, वा, आज पाव आहे! त्यातलं आहे ते."

मावशींना धुलाईखान्यातल्या पांढऱ्या चादरींचे ढीग आठवले. त्या म्हणाल्या, "कळलं."

शहर आलं तरी मास्तरांनी डोळा मिटला नव्हता.

मैदान एवढं मोठं असेल असं मावशींना वाटलं नव्हतं. सिमेंटच्या पायऱ्यांचा नुसता डोंगर. त्यात गावाकडच्या लोकांना एक कोपरा दिलेला, भाताच्या ताटात मीठ वाढावं तसा. बाकी सगळीकडे शहरवाल्यांची निळी गर्दी. मास्तरांनी खांब कुठला ते बोटानं दाखवलं. लांबून तो मावशींना जरा वाकलेलाच वाटला. गुडघ्याला पट्टी होती.

पहिल्या भागात शहरवाल्यांनी एक गोल केला. मास्तर कपाळावर हात मारून बसले, मग उठून ओरडले, मग बसले. खांबानं एकदा आडवं पडून बॉल बाहेर घालवला तेव्हा त्यांनी मावशींचा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. मध्यंतरात दोघांनी कागदी पेल्यातला चहा घेतला. दुसरा भाग सुरू झाला आणि मास्तरांचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. मावशींच्या खांद्यावर काहीतरी जड आलं. त्यांनी बघितलं, तर मास्तरांचं डोकं.

"वहिनी, उठवा त्यांना," मागून अध्यक्ष म्हणाला.

मावशींनी नवऱ्याकडे बघितलं. कानाच्या पाळीमागे अजून पीठ होतं. आपण बरोबर आलो नसतो तर हा बसमध्ये झोपला असता, हे त्यांच्या आता लक्षात आलं. आपल्याशी बोलण्यात यानं आपली झोप खर्ची घातली.

"पाच मिनिटं पडू दे," त्या म्हणाल्या. "एवढ्यात काय होतंय?"

आणि त्यातच ते झालं.

गावच्या संघाला कॉर्नर मिळाला. कोपऱ्यातले सगळे लोक उभे राहिले. मावशींना उभं राहता येईना, उठल्या असत्या तर मास्तर बाजूला कलंडले असते. पुढच्या माणसांच्या कोपरांमधून मैदानाचा हातभर तुकडा दिसत होता. त्या तुकड्यात एक टक्कल सावकाश पुढे आलं. कधी पुढे न येणारा माणूस आज पुढे आला होता, त्यामुळे कुणी त्याच्या वाटेलाही गेलं नाही. बॉल वरून आला. टक्कल उंच गेलं. आणि जाळी हलली.

असा आवाज मावशींनी जन्मात ऐकला नव्हता. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, कुणाचा तरी पाय त्यांच्या पायावर पडला. त्यांनी मास्तरांना गदागदा हलवलं.

"अहो! अहो, उठा! खांबानं गोल केला!"

मास्तर झोपेतच हसले. "काढा, काढा," ते पुटपुटले, "करपतील," आणि त्यांनी डोकं आणखी आत खुपसलं.

आवाजानं ते उठणारच नव्हते, हे मावशींना ठाऊक होतं. बेकरीत पीठ मळायचं यंत्र रात्रभर धडधडतं, आणि घरी खिडकीखाली दिवसभर गाड्यांचे भोंगे. गोंगाट ही मास्तरांची अंगाई. त्यांना जाग यायची ती शांततेनं. यंत्र थांबलं की समजायचं, काहीतरी बिघडलं.

आणि बिघडलंच. सामना संपत आला असताना शहरवाल्यांना पेनल्टी मिळाली. त्यांच्या खेळाडूनं बॉल ठेवला, तो चार पावलं मागे गेला, आणि एवढं मोठं मैदान एकदम गप्प झालं.

मास्तरांनी खाडकन डोळे उघडले. "काय झालं?"

मग त्यांची नजर गुणफलकावर गेली. एक, एक.

"आपला गोल कुणी केला?"

मावशी त्यांच्या कानामागचं पीठ झटकायला लागल्या. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. "अगं, कुणी केला?"

"खांबानं," मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात सगळीकडून निळा गलका उठला. पेनल्टी गोलमध्ये गेली होती, सामना हातचा गेला होता. मास्तरांनी वळूनही बघितलं नाही. ते मावशींच्या तोंडाकडेच बघत होते, अजून काहीतरी तिथं लिहिलं असेल आणि ते वाचायचं राहिलं असेल, तसे.

बस परत निघाली तेव्हा उन्हं कलली होती. मास्तर खिडकीशी बसले. मोबाइल खिशात यायच्या आधीची ही गोष्ट. असले सामने टीव्हीवर दाखवत नसत. जे बघितलं ते बघितलं, जे गेलं ते गेलं.

"माझंच चुकलं," मावशी म्हणाल्या. "मी उठवलं नाही. अध्यक्ष सांगत होता."

"तुझं काय चुकलं? मीच मेलं मढं."

"सकाळी झोपला असतात तर..."

"झोपलो नाही ते बरंच झालं," मास्तर म्हणाले. मग जरा थांबून, "ते बोलणं बरं होतं," असं म्हणून त्यांनी पुन्हा तोंड खिडकीकडे फिरवलं.

बसमध्ये एक रीत होती. परतीच्या वाटेवर मास्तरांनी उभं राहून सामना सांगायचा. बघितलेलाच सामना, पण मास्तरांच्या तोंडून ऐकला की तो परत घडायचा. हरलेला असला तर थोडा कमी हरायचा. अध्यक्षानं टाळी वाजवली. "चला मास्तर! आज तर खांबाचा गोल! सावकाश सांगा, काही गाळू नका."

सगळ्यांनी माना वळवल्या. मास्तर झोपले होते हे मागच्या एक-दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि अध्यक्ष ते कुणाला सांगणाऱ्यातला नव्हता. उलट त्यानं डोळा मिचकावला. ठोकून द्या, कोण बघतंय? मास्तरांनी आजवर इतके कॉर्नर पाहिले होते की हाही त्यांना सहज जमला असता. मावशींनाही वाटलं, सांगावा. कुणाचं काय जातंय?

मास्तर बाकाची दांडी धरून उभे राहिले. घसा साफ केला.

"गोल झाला तेव्हा मी झोपलो होतो," ते म्हणाले.

बस खदाखदा हसली. थट्टाच वाटली सगळ्यांना. मग मास्तर हसत नाहीत हे एकेकाच्या लक्षात आलं आणि हसू मागच्या बाकापर्यंत जाऊन विझलं.

"आमच्या हिनं बघितलाय," मास्तर म्हणाले. "ती सांगेल."

"अहो, मी काय सांगू?" मावशींनी त्यांची बाही ओढली. "मला ते ऑफसाइड का काय, ते पण येत नाही."

"ऑफसाइड नको सांगू. बघितलंस ते सांग."

मावशी उठल्या. चारचौघांत उभं राहून बोलायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती. एका हातानं वरची दांडी धरून, बस हलेल तसं हलत, त्यांनी सुरुवात केली. बॉल त्या कोपऱ्यातनं उडवला. मग हा सावकाश आला, पाहुण्यांच्या घरी आल्यासारखा, कुठं बसू म्हणत. मग उडी मारली. चादर झटकताना ती वर जाते आणि क्षणभर तिथंच राहते ना, तसा तो वर राहिला.

"वहिनी, हेडर होता तो, डाव्या बाजूनं—" कुणीतरी म्हणालं.

"मध्ये बोलू नका," मास्तर म्हणाले. "तिला सांगू द्या."

"पुढचं तुम्ही कुणी बघितलं नाही," मावशी म्हणाल्या. "तुम्ही सगळे गळ्यात पडला होतात एकमेकांच्या. मला उठता येत नव्हतं, म्हणून मला तो फटीतनं दिसत होता. पोरं त्याला मिठ्या मारून गेली. तो नाचला नाही का काही नाही. आधी वळून त्यानं आपल्या गोलकडे बघितलं. तिथं गोलकीपरशिवाय कुणीच नव्हतं. तर दूध चुलीवर ठेवून आलेली बाई कशी पळते, तसा पळत सुटला. लंगडत. जागेवर जाऊन उभा राहिला. आणि मग आपल्याकडे पाठ करून त्यानं शर्टानं तोंड पुसलं."

ड्रायव्हरनं आरशातून मागे बघितलं.

"खूप वेळ पुसत होता?" मास्तरांनी विचारलं.

"हो. खूप वेळ."

मास्तरांनी मान हलवली. मग त्यांनी सरकून मावशींना खिडकीशी जागा करून दिली.