खोल पाणी कुठून जातं

वाल्फ्रीदने वल्हं उभं धरून पाण्यात खुपसलं. हातभर पाण्यातच ते वाळूला टेकलं. होडी थोडी पुढे नेऊन त्याने पुन्हा खुपसलं. पुन्हा वाळूच.

म्हणजे मोजणीवाल्या बाईंचं खरं होतं. दोन देशांमधल्या टोर्न नदीत जिथे पाणी सर्वांत खोल, तिथून सरहद्द जाते आणि दर पंचवीस वर्षांनी ती नव्याने तपासतात. यंदा खोल पाणी बेटाच्या पलीकडे सरकलं होतं. त्याचा मेव्हणा उर्हो याचं गवताचं बेट त्यामुळे फिनलंडमधून वाल्फ्रीदच्या स्वीडनमध्ये येणार होतं. मालकी उर्होचीच राहील, देश तेवढा बदलेल, असं बाईंनी कॉफी पिता पिता सांगितलं होतं.

पण बेटावर लेम्पी होती, त्याची बायको. तीन वर्षांपूर्वी मरताना तिने एकच मागणं केलं होतं, की जन्म तुझ्या देशात काढला, आता मला माझ्या देशात ठेव. रीतसर परवानगी काढून त्याने तिची राख तिच्या भावाच्या या गवतात सोडली. बायकोला दिलेला एक शब्द आयुष्यात धड पाळला, तर नदीने त्यावरही पाणी फिरवलं.

उर्हो गवत कापत होता.

"दाजी, तासभर उशीर," तो मागे न वळताच म्हणाला. फिनलंडचं घड्याळ एक तास पुढे, आणि हा टोमणा वाल्फ्रीद लग्नापासून ऐकत आला होता.

आज त्याने बाईंचं सगळं बोलणं शेंडा ना बुडखा असं सांगून टाकलं. होडीत फावडं आणलंय, वरची माती उचलून तुमच्या काठावर नेऊ का, असंही विचारलं. कुठली माती, किती, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. मधल्या तीन उन्हाळ्यांचं गवत तर गाईंनी खाल्लं होतं.

उर्हो खाली बसला.

"राहू द्या ते फावडं. माझ्या लहानपणी हे बेट तुमच्याकडेच होतं. पंचवीस वर्षांनी येईल परत आमच्याकडे."

"तोवर मी असणार आहे का?"

वाल्फ्रीदच्या थडग्याची जागा गावच्या चर्चमागे, वडिलांशेजारी कधीच ठरलेली होती. त्याने एकदा या काठाकडे पाहिलं, एकदा त्या. दोन्हीकडे तीच झाडं, तशीच लाल घरं. आपला काठ कुठला, हेच त्याला क्षणभर उमगेना.

"मग मलाही इथंच ठेव," तो म्हणाला.

"आणि बेट परत आमच्याकडे आलं तर? फिनलंड चालेल तुम्हाला?"

"तिनं नाही का स्वीडन चालवून घेतलं?"