शेळीच्या दंडातली नस

मावशीवर संशय घेणं जिवावर आलं होतं, पण शेळीचा पाय कशाला खोटं बोलेल?

मी शरीररचना शिकवते. विभागातलं जुनं कपाट आवरताना तीन रंगीत चित्रं सापडली. कुत्रा, मांजर, शेळी. पुढच्या पायाच्या वरच्या भागातल्या, म्हणजे आपल्या दंडातल्या, नसांची. माणसात कोपर वाकवणाऱ्या स्नायूंकडे जाणारी नस वाटेत एका छोट्या स्नायूतून आरपार जाते. या तिघांत ती त्याच्या कडेने जाते. मी तिघांचेही पाय स्वतः सोलून खात्री केली. चित्रांत मात्र तिन्हीकडे नस आरपार, आणि कोपऱ्यात सही माझ्या मावशीची.

मावशी चाळीस वर्षांपूर्वी तिथे चित्रकार होती. सगळ्या सस्तन प्राण्यांचा दंड एकाच साच्यातला, असं सांगणारं तेव्हाच्या विभागप्रमुख सरांचं पुस्तक या चित्रांवरच उभं होतं. चूक उघडी पडली तेव्हा सर म्हणाले, बाईंनी माणसाचं चित्र बघून जनावरं रंगवली. मावशीची नोकरी गेली. सर हारतुरे घेऊन निवृत्त झाले. आता जुन्या चित्रांची नोंद करताना मला सोमवारपर्यंत प्रत्येक चित्रावर शेरा लिहून सही करायची होती. 'चित्रकाराची चूक' असं लिहिलं की ते कायमचं दप्तरात.

मावशी माझ्याकडेच राहते. दाराची कडी दोनदा बघते, गॅसचं बटण दोनदा. घरात आम्ही तिला 'दुबार' म्हणतो. त्या संध्याकाळी ती शेंगा निवडत होती, तेव्हा मी विचारलंच.

"मावशी, तू खरंच समोर पाय ठेवून काढायचीस ना गं?"

तिचा हात थांबला. "मला तरी तसंच वाटायचं. पण पुस्तकात छापलेलं माझंच चित्र दाखवलं ना सरांनी. नस आरपार. म्हणजे माझीच नजर फसली."

"आणि मूळ चित्रं?"

"ती सरांच्या कपाटात. किल्ली मला कोण देणार?"

"मग भांडली का नाहीस?"

"कुणाशी? खाली सही माझीच होती." आणि निवडलेल्या शेंगा ती पुन्हा निवडायला लागली.

चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. रात्रभर तिचा राग येत राहिला. आळस केला असेल तर कबूल तरी करावं माणसानं!

सोमवारी शेरा लिहायला शेळीचं चित्र पुढे ओढलं, तर अंगठ्याला त्या छोट्या स्नायूपाशी खरखर लागली. पांढऱ्या रंगाचा जाड थर, वरून पुन्हा रंगवलेला. मी जागीच थांबले. लहानपणी मी मावशीकडे पांढरा रंग मागितला होता आणि बोलणी खाल्ली होती. "पांढरं हवं तर कागद कोरा सोड. चुकलं तर कागद फेकून दे. पांढरा रंग आळशांना लागतो." तिच्या पेटीत पांढरी नळी नव्हतीच कधी. त्याच कपाटातली सरांची टिपणं काढून बघितली, तर पानोपानी खोडलेल्या शब्दांवर पांढरी ठिगळं.

एक्स-रे बघायच्या दिव्यावर चित्र ठेवलं. थराखालून एक बारीक रेघ दिसली, स्नायूच्या कडेने, जिथे मला ती नस सापडली होती अगदी तिथेच. कुत्र्यातही. मांजरातही.

मला स्वतःची लाज वाटली. शेळीवर मी विश्वास ठेवला होता, मावशीवर नाही.

शेरा लिहिला, 'मूळ चित्र अचूक. नंतर दुसऱ्या हाताने बदललेले', सही ठोकली आणि परवानगी काढून चित्र घरी नेलं. खिडकीच्या काचेला लावून धरलं. मावशी चष्मा लावून जवळ आली. मग त्या रेघेवरून नुसतं बोट फिरवलं.

"मला बरोबर दिसत होतं तर," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. मलाही.

दिवेलागणीला ती दार लावून आली आणि थेट खुर्चीत बसली. मी सवयीनं विचारलं, "कडी नीट लागली का, बघितलीस?"

"लावली की," ती म्हणाली. "दिसतं मला."