चादरीखालचं मशीन

चर्चच्या ताई घर बघायला येणार म्हणून मी सकाळीच दुसऱ्या मशीनवर चादर टाकली आणि वर उशी ठेवली. शिवणाचं मशीन लपवणारी बाई जगात मीच एक असेन. लोक चोरीचा माल लपवतात, मी घामाचा लपवत होते.

चर्चच्या योजनेत परदेशातल्या एका आजींनी नऊ वर्षांपूर्वी माझ्या लेकीचं आर्थिक पालकत्व घेतलं. नवरा नुकताच गेला होता. लेकीची शाळा, माझा शिवणवर्ग, पहिलं मशीन, सगळं त्यातूनच झालं. घर आपल्या पायावर उभं राहिलं की फाइल बंद आणि जागा दुसऱ्या मुलाला. नियम चांगलाच आहे. माझी पाळी येईपर्यंत मीही तो चारचौघांत समजावून सांगायचे.

ताई आल्या. माझ्या लेकीहून पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील. शाळेच्या गणवेशाच्या बाह्यांचा ढीग बघून म्हणाल्या, "काकू, एका मशीनवर एवढं काम उरकतं?"

"हात चालतो माझा."

मग त्या नेमक्या उशीवरच टेकायला गेल्या. "तिथे नको, पडाल!" मी एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की त्यांनी चादर उचलून बघितली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ताई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "लेकीच्या फीसाठी लपवलंत?"

"फी मी कधीही भरेन. आजींची पत्रं बंद होतील ना."

मग सगळं सांगून टाकलं. लेक बारा वर्षांची झाल्यावर पत्रांना कंटाळली. "आई, तूच लिही ना माझ्या नावाने," म्हणाली. मी लिहिलं. आधी परीक्षेचे मार्क, मग पाऊसपाणी, मग मनातलं. आता ती नर्सिंग शिकायला हॉस्टेलवर आहे. रविवारी फोन करते, "जेवलीस का, ठेवते हं," एवढंच. तिचंही बरोबर आहे, तिला अभ्यास असतो. आजी मात्र दर दोन महिन्यांनी चार पानं लिहितात. त्यांचे गुडघे, त्यांचं आंधळं मांजर. एकदा विचारलं होतं, "तुझी आई रात्री किती वाजेपर्यंत शिवते? तिच्या डोळ्यांना जप." माझ्या दारात दिवसाला दहा माणसं येतात. सगळी विचारतात, कपडे कधी मिळतील.

ताई बराच वेळ बाह्यांचा ढीग नीट करत बसल्या. मग म्हणाल्या, "निरोपाचं एक पत्र जातं, काकू. पण मुलीच्याच नावाने."

"त्यात खरं लिहू? मी कोण ते?"

"ऑफिसात भाषांतर करताना सगळी पत्रं वाचतात. तिथेच अडकेल. आणि पोचलंच, तर त्या बाईंना काय वाटेल? इतकी वर्षं त्या लेकराशी बोलत होत्या."

मी आजींना फसवलंच होतं, प्रेमाने का होईना.

"वाट बघणाऱ्यांच्या यादीत एक मुलगी आहे," ताई हळूच म्हणाल्या. "तिची आई भांडी घासते. त्या आईला शिवण शिकायचंय."

फाइल बंद करायच्या कागदावर मी सही केली. ताईंनी माझा हात धरला, प्रार्थना केली, प्रभूचे आभार मानले. मीही आमेन म्हणाले. आभार मानायलाच हवे होते. फक्त आनंद होत नव्हता.

त्या गेल्यावर कापडाच्या टेबलावर थोडी जागा करून लिहायला बसले. आम्ही आता आमच्या पायावर उभे आहोत, तुमच्यामुळे. घरात दोन मशीनं आहेत. मांजराला जपा, गुडघ्यांना शेक द्या. हे भराभर झालं. नंतर पेन अडलं. या पत्राला उत्तर येणार नव्हतं, आणि आजी माझ्या काळजीत राहायला नकोत.

"आई मजेत आहे," मी लिहिलं. "तिला एकटं वाटत नाही. मी असते ना तिच्याजवळ."

आणि खाली लेकीचं नाव घातलं.