दोनशे पाच बाद पंख

फळमाशीच्या पंखावर केस असतात असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत बापडे. माशी तिळाएवढी, पंख दोन मिलिमीटरचा. पण त्या पंखात तीस हजार पेशी, दर पेशीला एक केस, आणि झाडून सगळे केस पंखाच्या टोकाकडे वळलेले. चिमटाताईंनी बावीस वर्षं हेच पाहिलं होतं.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुठे राहिलं नव्हतं. प्रयोगशाळेत पंख बसवायचं काम त्यांचं. माशांना गॅसनं गुंगी द्यायची, सांध्यापाशी पंख चिमट्यानं अलगद तोडायचा, काचेवरच्या डिंकाच्या थेंबात सुरकुती न पडू देता पसरायचा आणि वर पातळ काच ठेवायची. ऐकायला सोपं. करून पाहणाऱ्यांची भंबेरी उडते.

प्रश्न होता तो असा, की पेशीला टोक कुठे आहे हे कळतं कसं? प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे सर, आणि त्यांचं मत ठाम होतं. टोकाकडून एक खूण येते आणि प्रत्येक पेशी ती स्वतःची स्वतः वाचते, शेजारणीशी तिला काही देणंघेणं नसतं. हे दाखवायला त्यांनी अशा माशा वाढवल्या होत्या, ज्यांच्या निरोगी पंखात मध्येच बिघडलेल्या पेशींचा एखादा डाग असे. डाग ओळखता यावा म्हणून त्यातले केस आखूड, वाकडे येतील अशी सोय केलेली. सरांचं मत खरं असेल तर डागाबाहेरचे केस सरळच असणार. आणि नसले तर? त्यालाही नियम होता. डागाबाहेर केस फिरलेले दिसले की पंख चिमट्यानं ओढला गेला असं समजायचं आणि स्लाइडवर 'बाद' लिहायचं.

ताई सहा वर्षं मुकाट्यानं 'बाद' लिहीत आल्या होत्या.

या खेपेला माशांत डाग मोठे आले, आणि चाळीसातले एकोणीस पंख बाद निघाले. सरांनी ताईंना खोलीत बोलावलं. स्वर गोड होता, तेच जास्त झोंबलं.

"ताई, रागावू नका. वयोमानानं हात थरथरतो, कुणाचाही थरथरतो. सोमवारपासून तुम्ही खाद्याच्या खोलीत जा. तिथं आरामाचं काम आहे."

खाद्याच्या खोलीत मक्याचं पीठ आणि यीस्ट शिजवून माशांच्या बाटल्या भरायच्या. काम वाईट नव्हतं. पण ताईंच्या हाताला नाव ठेवून तिथं पाठवणं म्हणजे गवयाला घसा बसला म्हणून दाराशी तिकिटं फाडायला उभं करणं. बाहेर आल्यावर त्यांनी हात समोर धरून पाहिला. हात स्थिर होता.

संध्याकाळी त्या नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसल्या. नवरा शिंपी. तो मखमल कापत होता.

"अहो, माझा हात थरथरतो म्हणे."

"कोण म्हणतं? सुई तर तूच ओवून देतेस मला."

ताईंनी सगळं सांगितलं. नवऱ्याला पेशी कळत नव्हत्या, पण कापडावरची लव कळत होती. त्यानं मखमलीवरून बोट फिरवलं.

"हे बघ, कात्री चुकली तर कापड फाटेल. ओढलं तर चुणी पडेल. पण लव मुळातून उलटी उगवणार नाही. ती विणतानाच आलेली असते. तुझे ते केस मोडलेत का फिरलेत?"

ताई उठल्याच. "चहा तुमचा तुम्ही करून घ्या," म्हणाल्या आणि घरी जाऊन सरळ झोपल्या, कारण सकाळी लवकर पोचायचं होतं.

बाद स्लाइड फेकायच्या असतात. ताईंनी त्या फेकल्या नव्हत्या. काच धुऊन पुन्हा वापरू, हा काटकसरीचा किडा. कपाटाच्या तळाशी खोके होते, त्यांत सहा वर्षांच्या दोनशे चौदा स्लाइड. दोन दिवस ताई सूक्ष्मदर्शकावरून उठल्या नाहीत. खरोखर फाटलेले पंख निघाले नऊ. उरलेल्या दोनशे पाचांत केस मोडलेले नव्हते की ओढलेले नव्हते. ते मुळातूनच उलटे उगवले होते, डागाकडे तोंड करून. आणि सगळेच्या सगळे डागाच्या एकाच बाजूला, टोकाकडच्या. सांध्याकडच्या बाजूला एकही केस फिरलेला नव्हता.

म्हणजे पेशी शेजारणीकडे बघत होत्या. शेजारीण बिघडली की धडधाकट पेशीही दिशा चुकत होती. पंख हे सहा वर्षं सांगत होते आणि ताई स्वतःच्या हातानं त्यांच्या तोंडावर 'बाद' लिहीत होत्या. त्यांना स्वतःचीच चीड आली. नियम सरांचा असेल, अक्षर तर त्यांचं होतं.

शुक्रवारच्या बैठकीला सगळी मंडळी जमली, तेव्हा टेबलावर खोके, गॅस, चिमटा, सूक्ष्मदर्शक आणि माशांची एक बाटली मांडलेली होती.

"हा काय प्रकार?" सर म्हणाले.

"माझा हात थरथरतो ना? मग पंख तुम्ही बसवा. माशी तुम्हीच निवडा."

"अहो ताई, पंधरा वर्षांत चिमटा धरला नाही मी."

"सवय नसली तरी चालेल. थरथर नाही ना, झालं तर. माझा हात म्हणे असा थरथरतो की दोनशे पाच वेळा नेमकी एकच बाजू बिघडवतो. असा हात मिळाला तर सर्कशीत जाईन मी! नाचता येईना अंगण वाकडं."

मागे कुणीतरी खोकून हसू दाबलं. सर लाल झाले, पण इतक्या लोकांसमोर उठून जाणंही बरं दिसलं नसतं. त्यांनी चिमटा उचलला. पहिल्या पंखाची गुंडाळी झाली. दुसऱ्यात डागच नव्हता. तिसरा नीट बसला. सर भिंगावर वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"काय दिसतं?" ताईंनी विचारलं.

"डाग आहे."

"आणि बाहेर?"

सरांनी भिंग पुन्हा नीट करून पाहिलं. "उलटे आहेत. पाच-सहा ओळी."

"कुठल्या बाजूला?"

"टोकाकडच्या."

"हात थरथरला का सर तुमचा?"

सरांनी मान वर केली. वाईट माणूस नव्हता तो. स्वतःच्या मताच्या प्रेमात पडलेला होता, इतकंच.

"नाही," ते म्हणाले.

"मग ही स्लाइड कुठल्या खोक्यात ठेवू?"

"चांगल्या."

ताईंनी स्लाइड उचलली, पण खोक्यात ठेवली नाही.

"ही एकटी नाही जायची. आधी माझ्या दोनशे पाच."

"ताई, याबद्दल आपण सोमवारी सविस्तर बोलू."

"बोला की. सोमवारी मी याच खुर्चीवर आहे."

खुर्ची पुढे ओढून त्या बसल्या आणि पेन काढून पहिल्या स्लाइडवरचा 'बाद' खोडून तिथं 'एक' लिहिलं. कुणी उठलं नाही. सरही नाही. त्यांचा पंख टेबलाच्या कडेला वाट पाहत पडला होता. दुपार कलल्यावर त्याला नंबर मिळाला, दोनशे सहा.