निळ्या पट्टीच्या मागे

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट आमच्या रेडिओमामांची आहे, आणि ती हळू आवाजातच सांगायची आहे.

मामा आठवडाभर दुकानात रेडिओ-मिक्सर दुरुस्त करायचे आणि रविवारी चर्चची उपासना फोनवरून थेट दाखवायचे. आमचे पाळक प्रवचन गाऊन करतात. एक कडवं गातात, अर्थ उलगडतात, मग सगळी मंडळी ध्रुपद उचलून धरते. अंथरुणाला खिळलेली माणसं त्याची घरी वाट बघत. पण ज्याला नको त्याचं तोंड जगाला दिसू नये, ही काळजी मामांची. त्यांनी फरशीवर निळी चिकटपट्टी लावली होती. तिच्या मागे बसणारा कॅमेऱ्यात येत नसे. प्रार्थनेसाठी आजाऱ्यांची नावं वाचली जात, तेव्हा मामा आवाज बंद करत.

पट्टीमागे, शेवटच्या बाकावर शिवणताई बसायची. नवऱ्याच्या मारातून जीव वाचवून आलेली. चर्चमागच्या खोलीत राहून कपडे शिवायची. गळा मात्र असा, की तिने वरचा सूर लावला की पाळकसुद्धा क्षणभर थबकत. मामांनी तिच्या बाकाजवळ माइक ठेवला. चेहरा थोडाच दिसतोय!

एका शनिवारी दुपारी ती बिघडलेली इस्त्री घेऊन दुकानात आली.

"ताई, तुझं कौतुक आलंय बघ!" मामांनी फोन पुढे केला. "व्हिडिओखाली कुणीतरी विचारलंय, वरचा सूर कुणाचा, चर्च कुठंय? मी लगेच पत्ता दिला, वेळ दिली. म्हटलं, या की, दार सगळ्यांना उघडं आहे."

तिने फोन हातात घेतला. "याच्या नावापुढे माणसाचा फोटो नाही. गुलाबाचं फूल आहे."

"हो ना. सज्जन दिसतोय."

"मामा, हे फूल माझ्या नवऱ्याचं आहे."

मामांनी पेचकस टाकून फोनकडे हात केला. "पुसतो. आत्ता पुसतो."

"पुसा. पण त्याने वाचलंय. खाली अंगठा दिलाय बघा."

"मग आत्ताच्या बसने निघ तू."

"आणि त्याच बसमधून तो उतरला तर?"

रविवारी पहिल्या बाकावर एक परका माणूस येऊन बसला. कडक इस्त्रीचा शर्ट. मामांनी फोन काढलाच नाही. शिवणताई पाळकांच्या खोलीत, आतून कडी लावून. बाहेर दाराला पाठ टेकून मामा.

"ती वर गाणारी बाई कुठंय हो?" त्याने नम्रपणे विचारलं.

"ते होय? टेप लावतो आम्ही." चर्चमध्ये खोटं बोलायची मामांची ही पहिलीच वेळ.

ध्रुपद आलं. वर्षभराची सवय, तिचा गळा आपोआप उघडला तर? तो झाकायला मामांनीच वरचा सूर लावला. फाटका, बेसूर. पोरी फिदीफिदी हसल्या. मामा घामाघूम होऊन शेवटपर्यंत ओरडत राहिले. तो माणूस मान वळवून एकेक बाक न्याहाळत होता.

उपासना संपल्यावर तो समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला; दुसऱ्या दिवशीही तिथेच. रस्त्यावर उभं राहणं हा काही गुन्हा नाही, असं पोलीस म्हणाले. चार दिवस तिने मशीनला पाय लावला नाही, खिडकी उघडली नाही. पाचव्या दिवशी पहाटे पाळकांच्या पत्नीने तिला कुठेतरी पोचवलं. कुठे, ते मामांनी मुद्दामच विचारलं नाही.

थेट दाखवणं बंद झालं, पट्टी तेवढी राहिली. ध्रुपद आलं की मामा त्या रिकाम्या बाकामागे ओठ मिटून उभे राहतात. वरचा सूर कुणीच लावत नाही.

तुम्ही प्रार्थनेला बसाल तेव्हा तिची आठवण करा. नाव घ्यायची गरज नाही. देव तिला आवाजावरून ओळखतो.