पाहुण्यांपुरती पंगत

दुपारी माध्यान्ह आहाराच्या पाव-भाजीचा टेम्पो आला की गोव्यातल्या लाटंबार्से गावच्या प्राथमिक शाळेतली मुलं आपापल्या जागी जाऊन बसत. बहुतेक मुलं वर्गात. चार मुलं बाहेर व्हरांड्यात, चपलांच्या रांगेजवळ. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता. कारखान्यांत आणि बांधकामांवर कामाला आलेल्या बेळगावकडच्या कुटुंबांतली ही मुलं. शाळेत नाव घालतानाच त्यांची जात गावानं विचारून घेतली होती, एवढंच.

संजना तिथं सहा वर्षं शिकवत होती. एकदा तिनं चौघांना आत बसवलं. दुसऱ्या दिवशी अकरा मुलं शाळेत आलीच नाहीत, आणि पालक संघाचे अध्यक्ष भिकाजी मुख्याध्यापिकेच्या खोलीत तासभर बसून गेले. चौघं पुन्हा व्हरांड्यात गेली. संजना काही बोलली नाही. त्या गप्प राहण्याची लाज मात्र तिला रोज दुपारी वाटायची.

शेवटी तिनं ते गोकुळदास सरांना सांगितलं. सर तिच्या पीएच.डी.चे मार्गदर्शक आणि शिक्षणाच्या अभ्यासकांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेचे पदाधिकारी. चाळीसेक देशांतले प्राध्यापक त्या संघटनेचे सभासद. यंदाची परिषद पणजीत भरणार होती. विषय होता 'संस्कृतींमधला संवाद'.

"हे सगळं लिहून काढ," सर म्हणाले. "गावात बोललीस तर तुला गप्प करतील. जगासमोर मांडलं तर कोण गप्प करणार?"

संजनाला बळ आलं. शाळा सुटल्यावर ती मंजुळाकडे जाऊ लागली. मंजुळाचा नवरा निवृत्ती बांधकामावर गवंडी होता आणि त्यांची मुलगी प्रतीक्षा व्हरांड्यातल्या चौघांतली, चौथीत, वाचनात वर्गात पहिली.

"बाई, खोली भिकाजीरावांची हाय," मंजुळा म्हणाली. "आमी बोललो म्हणून कळलं तर भाईर काढतील."

"नाव कुठंच येणार नाही. तुमचे शब्द वाचणार ते फक्त माझे सर. माझा शब्द."

मग मंजुळा बोलली. प्रतीक्षानं एकदा विचारलं होतं, 'आई, मी रोज अंघूळ करती, तरी बी भाईरच का?' हे सांगताना तिनं तोंड फिरवलं. संजनानं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी परदेशी पाहुणे शाळा बघायला आले. संजना थक्क झाली. सगळी मुलं वर्गात एका पंगतीत बसली होती. प्रतीक्षा मधोमध. खुद्द भिकाजी तिच्या ताटात पाव ठेवत होते आणि सर फोटो काढून घेत होते. हे सरांनीच घडवलं, असं वाटून संजनाचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी प्रतीक्षा ताट घेऊन धावत वर्गात शिरली आणि कालच्याच जागी बसली. भिकाजी दारातच उभे होते. त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं.

"ता काल पावण्यांसाठी होता. आज आपल्या जाग्यार बस." मग थोडं हसून म्हणाले, "रोज आंघोळ करतंस मां तू? ठावक आसा आमका."

 ते वाक्य फक्त संजनाच्या वहीत होतं आणि तिनं सरांना दिलेल्या कागदांत.

संध्याकाळी मंजुळाला खोली सोडायला सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच संजनानं पणजी गाठली. सर सभागृहाबाहेर चहा घेत होते.

"तुम्ही ते कागद भिकाजींना दिलेत?"

"दाखवले. जगासमोर काय जाऊ शकतं ते कळल्याशिवाय त्यांनी पाहुण्यांना शाळेत पाऊल ठेवू दिलं असतं? हे बघ संजना, भांडून संवाद होत नाही. पोरं एका पंगतीत बसली ना?"

"एक दिवस, सर."

"सुरुवात अशीच असते." त्यांनी तिच्या हातात परिषदेची पुस्तिका ठेवली. पंगतीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, की या गावात सर्व समाजांची मुलं एकत्र जेवतात. लेखक म्हणून दोन नावं होती, सरांचं आणि तिचं.

"तुझ्या पदवीला उपयोगी पडेल," सर म्हणाले.

त्या सकाळच्या सत्रात लेखक म्हणून तिला पाच मिनिटं बोलायचं होतं. तिनं पुस्तिका वर धरली. "यातलं सगळं खोटं आहे, आणि त्याखाली माझं नाव आहे. ते मी काढून घेते," ती म्हणाली. मग तिनं व्हरांड्याबद्दल सांगितलं आणि पंगत कशी मांडली गेली तेही.  नंतर टाळ्या पडल्या. एका बाईनं तिचा हात धरून डोळे पुसले. सत्राच्या अध्यक्षांनी नोंद घेतल्याचं सांगितलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. सरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

ती लाटंबार्सेला परतली तेव्हा मंजुळा पिकअपमध्ये भांडी चढवत होती. प्रतीक्षा पुढच्या सीटवर बसली होती. तिनं बाईंना हाक मारली नाही.

"मंजुळाताई, मी तिथं सगळं खरं सांगून आले."

"बरं केलासा." मंजुळानं कळशी आत सरकवली. "पण बाई, त्या लोकांनी आमच्या पोरीला कुठं भाईर बशिवलं हुतं? ज्यांनी बशिवलं, त्यांच्यासमोर तुमी सहा वरसं काय बोलला न्हाईसा. आन् आमी तुमाला घरचं सांगितलं."

पिकअप निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं तालुक्याच्या गावी डिचोलीला जाऊन भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार दिली. सही एकटीची, आणि आपण सहा वर्षं गप्प होतो हेही त्यात लिहिलं. दुपारी व्हरांड्यातल्या उरलेल्या तीन मुलांना तिनं आत आणून बसवलं. बातमी पसरली. पालक येऊन आपापल्या मुलांना हात धरून नेऊ लागले. मुख्याध्यापिका दारातून खुणा करत होत्या. संजनानं या वेळी कुणालाही उठवलं नाही. ती वाढत राहिली.

संध्याकाळी हे सांगायला तिनं मंजुळाला फोन लावला. पुढं महिनाभर लावत राहिली. मंजुळानं तो कधीच उचलला नाही.